मी डोलीत बसले नाही

लेकीच्या सासरी मी पहिल्यांदा जेवले ते तिच्या घरात नव्हे. घर वर डोंगरात, आणि मी खाली, एस.टी. सोडते त्या सडकेजवळ, हिरड्याच्या झाडाखाली. विहीणबाईंनी भात, तांदळाची भाकरी, कालवण, लोणचं असं सगळं पाटीत घालून डोक्यावरून खाली आणलं आणि लेकीनं मला वाढलं. जेवण चांगलं होतं. पण घास गिळताना सारखं वाटत होतं, आपण काय स्टँडवरचे पाहुणे आहोत का!

तशी मी चढायला लागले होते, नाही असं नाही. वैशाखाचं ऊन, करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर पिकलेल्या, आणि पायवाट सगळी दगडगोट्यांची. पहिल्या वळणापर्यंत गेले आणि छातीत असा भाता चालू झाला की झाडं, वाट, आभाळ एकातएक फिरायला लागलं. गुडघे तर केव्हाच थांबले होते, मीच उगाच त्यांना ओढत होते. तिथंच मातीत बसकण मारली. लेक मला आणायला वरून पळत येत होती. तिनं मला तसं बसलेलं बघितलं आणि तिचे पाय सावकाश झाले. मग तिनंच मला हाताला धरून परत खाली आणलं. आमचे मालक मात्र वर जाऊन, चहा पिऊन, गोठा बघून निवांत खाली आले.

ही लेक इतक्या लांब कशी पडली ते आधी सांगते. आमचं गाव बेलापूर. सपाट मुलूख, पाटाचं पाणी, चहूकडं ऊस. जावई पाटबंधाऱ्याच्या नोकरीत, त्यांचं मूळ घर अकोले तालुक्यात, धरणाच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवर. स्थळ आलं तेव्हा घर बघायला पुरुषमाणसं गेली. आमच्यात रीतच तशी. बायकांनी जावई बघायचा तो मांडवात, आणि घर बघायचं ते लेक माहेरपणाला आली की तिच्या तोंडून. मालक बघून आले आणि म्हणाले, "माणसं चांगली हायेत. घर चांगलं हाय. जरा उंचावर हाय." त्या 'जरा'मध्ये अख्खा डोंगर बसवला होता त्यांनी, ते मला हिरड्याखाली बसल्यावर कळलं.

लेकीला विचारावं तर ती दरवेळी "समदं बरं हाय आई" एवढंच म्हणायची. आता चूल कोणत्या अंगाला, पाणी किती लांबून आणते, पावसाळ्यात छप्पर गळतं का, हे त्या 'बरं'मध्ये कुठं दिसतं? मला ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी मी लेकीचं घर बघितलेलं नव्हतं.

विहीणबाई मनानं सरळ. त्या म्हणाल्या, "विहीणबाई, वाईट नका वाटून घेऊ. पुढच्या टायमाला मी चार गडी लावते. डोली करू, अलगद वर येताल." डोली म्हणजे लग्नातली नव्हे हो. त्या भागात माणूस फार आजारी पडलं, नाहीतर बाई अडली, की घोंगडी बांबूला बांधून तिच्यात घालून खाली सडकेला आणतात, ती डोली. त्यांनी मायेनं सांगितलं. पण शेजारी त्यांची धाकटी जाऊ बसली होती, ती म्हणाली, "चार गड्यांनी भागंल का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार! लेक तेवढी हसली नाही.

भांडी गोळा करता करता ती माझ्याजवळ सरकली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. म्हणाली, "आई, पहिलं तुझ्याकडं झालं. हे हितंच हुईल. मार्गशीर्षात." मग पातेल्याला राख लावत खालमानेनं म्हणाली, "तू असावीस असं लई वाटतंय. न्हाई जमलं तर राहू दे."

'न्हाई जमलं तर राहू दे.' परतीच्या एस.टी.त बेलापूर येईपर्यंत मी ते वाक्य उलटसुलट करत होते. संगमनेरला गाडी बदलली, मालकांनी भजी आणली, मी ती खाल्ली, आणि खाल्ल्यावर मला रडू आलं. मालकांना वाटलं मिरची लागली.

ही गोष्ट बहात्तरचा मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची. मी पन्नाशी ओलांडलेली. अशी मी पहिल्यापासून नव्हते हं. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवरून दोन घागरी एकावर एक घेऊन यायची. पुढं आमच्या शिवारात ऊस वाढला, गुऱ्हाळ निघालं, गडीमाणसं आली, सून आली, घरात हापसा आला. चांगलंच झालं की! पण माझे पाय चुलीपासून ओट्यापर्यंतच उरले. अंगावर मांस कधी चढलं ते मलाही कळलं नाही. बायका म्हणायच्या, "काकूंचं बरं हाय, अंगानं भरल्यात." आमच्याकडं बाई भरली म्हणजे तिचं बरं चाललंय असंच धरतात.

श्रीरामपूरच्या डॉक्टरांना गुडघे दाखवले. त्यांनी दाबून, वाकवून बघितलं. म्हणाले, "गुडघ्यांना काही झालेलं नाही. गुडघ्यांवर जे ठेवलंय ते जास्त झालंय. खाणं कमी करा आणि रोज चाला."

"आन औषध?"

"हेच औषध."

"इंजेक्शन तरी?"

"नाही."

"निदान ते लाल पाणी बाटलीतलं?"

डॉक्टर हसायला लागले. बाहेर आल्यावर मी मालकांना म्हटलं, "हा कसला डाक्तर, सुई न्हाई, बाटली न्हाई! नुसतं तोंडानं बोलतो." पण मार्गशीर्ष डोळ्यांपुढं होता. म्हटलं, खाणं कमी करायचं ना? मग करूच.

आता आमच्यासारख्या बायकांना खाणं कमी करायची एकच वाट माहीत. उपास! एकादशी आणि चतुर्थी तर मी करतच होते. त्यात सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. देवही खूश आणि डॉक्टरही खूश. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपातली, वर शेंगदाण्याचं कूट. दुपारी रताळ्याचा गूळ घातलेला कीस, दोन केळी. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. मधे भूक लागली तर गूळ-दाण्याचे लाडू डब्यात होतेच. अन्नाला म्हणून मी शिवत नव्हते. शेजारणी म्हणायच्या, किती कडक करतात काकू!

ज्येष्ठात उपास सुरू करायच्या आदल्या दिवशी मालकांनी माझं वजन केलं होतं. गुऱ्हाळावरचा मोठा तराजू घरच्या पडवीत टांगलेला असायचा, ढेपा तोलायला. एका पारड्यात मला बसवलं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढवत गेले. पारडी सारखी झाली तेव्हा हात झटकत म्हणाले, "पुढाऱ्यांची गूळतुला करत्यात तशी झाली बघ. फक्त हार राहिला." त्या ढेपा त्यांनी खुणा करून कोपऱ्यात वेगळ्या ठेवल्या. आषाढी एकादशी झाल्यावर मी मोठ्या हौसेनं परत पारड्यात बसले. त्याच ढेपा दुसऱ्या बाजूला. माझं पारडं खाली गेलं आणि जमिनीला टेकून बसलं.

मग मालक खाकरून म्हणाले, "अगं, पावसाळी हवा. गूळ पाझरलाय. ढेपा हलक्या झाल्यात."

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्यासाठी ते एवढं गोड खोटं कधी बोलले नव्हते. मला तेवढ्यावर पटलंही होतं! पण सून दारात उभी राहून पदर तोंडात कोंबत होती. मी म्हटलं, "काय गं? बोल की."

"आत्याबाई, रागावणार न्हाई ना? गूळ न्हाई पाझरला. तुमचा उपास जेवणापरीस जड हाय."

"मी दिवसभर अन्नाला शिवत न्हाई!"

"अन्नाला न्हाई शिवत. साबुदाण्याला शिवता, दाण्याला शिवता, रताळ्याला, केळ्याला शिवता. आन तुपाला तर कोण उपास सांगतच न्हाई." मग धीर येऊन तिनं पुढचंही सांगून टाकलं. "आन उपास नसंल त्या दिवशी समद्यांचं उरलेलं कोण खातं?"

इथं मात्र तिनं बरोबर बोट ठेवलं. आमच्या घरात बायका शेवटी जेवायच्या, आणि बायकांत मी शेवटी. आधी माझं ताट. मग पातेल्यात राहिलेला भात, कोणा पोराची अर्धी भाकरी, तव्याला लागलेलं पिठलं, तळाची खीर. टाकायचं कसं? अन्न आहे ते. भूक कधीच भागलेली असायची, पण पातेलं रिकामं झाल्याशिवाय मी उठत नव्हते. सासूबाई तसंच करायच्या, त्यांच्या सासूबाईही तसंच करत असणार. घरात काही वाया जात नाही याचा मला केवढा अभिमान! ते सगळं जातंय कुठं, हे मात्र सुनेनं दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात सुनेचं राज्य. मला पोरांच्या पंगतीला, सगळ्यांच्या आधी बसवलं. ताटात एक बाजरीची भाकरी, मूठभर पालेभाजी, मटकीची उसळ, कांदा, तांब्याभर ताक. संपलं की ताट उचलायचं आणि स्वयंपाकघराबाहेर पडायचं. पहिले काही दिवस मी उंबऱ्यातून पातेल्यांकडं बघत बसायची. एकदा हळूच आत गेले तर सून म्हणाली, "आत्याबाई, मार्गशीर्ष." एवढंच! उरलंसुरलं गोठ्यातल्या कालवडीला जायला लागलं. दिवाळीपर्यंत ती अशी गोल झाली की मालक म्हणाले, आता हिला डाक्तरकडं न्या.

चहाचं सगळ्यांत अवघड गेलं. आमचा भाग उसाचा, तिथं चहा म्हणजे निम्मा पाक. मी बिनगोडाचा मागायला लागले तर लोकांना कसंतरीच व्हायचं. एका घरी बाईंनी काळजीनं विचारलं, "घरात सुतक हाय का?" दुसरीला वाटलं, आपल्या घरची साखर नको म्हणते, म्हणजे काहीतरी राग आहे. तिची समजूत काढता काढता मी दोन कप प्यायले, बिनगोडाचे. कडू औषधासारखे. पण पुढं पुढं दुधाची चव लागायला लागली, चहापत्तीची लागायला लागली. आता कोणी गोड चहा दिला की माझे ओठ चिकटतात.

खाण्याचं असं मार्गी लागलं. राहिलं चालणं. ते सोपं वाटलं होतं, आणि तिथंच गावानं मला खरी अडवली.

पहिल्या दिवशी सकाळी लुगडं नीट खोचून, मोकळ्या हातानं निघाले. वेशीपर्यंत जाईतो भेटेल ती बाई विचारायला लागली.

"कुठं निगाला काकू?"

"चालायला."

"व्हय, पर कुठं?"

"कुठं न्हाई. नुसतं चालायला."

"नुसतं म्हंजी?"

आता नुसतं म्हणजे काय ते कसं सांगू? आमच्या गावात बाई रस्त्यानं जाते ती पाण्याला, शेताला, देवळाला, बाजाराला, नाहीतर कुणाच्या मयतीला. हातात काही नाही आणि कुठं जायचं नाही, अशी बाई कुणी बघितलेलीच नव्हती. चार दिवसांत चावडीवर मालकांना एकानं बाजूला घेऊन विचारलं, "घरी काय वाजलं का? वहिनी रोज सकाळी घर सोडून निघत्यात, आन मग परत येत्यात म्हनं." सुनेच्या माहेरीही निरोप पोचला की सासूनं घर सोडलं. बिचारीची आई धावत आली.

मग मी युक्ती काढली. सकाळी दुरडी घ्यायची, तिच्यावर धुतलेलं फडकं झाकायचं आणि डोक्यावर ठेवून निघायचं. आत काही नाही, रिकामी दुरडी. पण झाकलेली दुरडी डोक्यावर असली की बाई शेतावर भाकरी घेऊन निघाली हे आंधळ्यालाही कळतं. एकानंही विचारलं नाही! उलट वाट सोडायचे. पाटाच्या कडेकडेनं मी लांबचा फेरा मारून यायची. पहिल्यांदा बाभळीपाशीच दम लागायचा, मग सडकेखालच्या मोरीपर्यंत गेले, मग पुढच्या वस्तीपर्यंत. डोक्यावर दुरडी म्हणून मानही सरळ राहायची.

पुरता महिनाभर चालली माझी ही सोंगभाकरी. एक दिवस आमच्याच भुईमुगात बायका खुरपत होत्या. त्यातली एक म्हातारी, जिभेची मोठी तिखट, बांधावर येऊन म्हणाली, "काकू, रोज भाकरी जाती, पन आमच्याकडं कदी थांबत न्हाई. कालवण तरी बघू काय हाय ते." आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं फडकं उचललं.

"आं! आगं बाया, ही तर रिकामी!" ती दुरडी उलटी करून सगळ्यांना दाखवली. "कुनाला जेवाय घालाय निगाल्ता? भुताला?"

सगळं रान हसलं. मी लाजून लाल. खोटं सुचेना म्हणून खरं सांगितलं. लेक, डोंगर, डोली, मार्गशीर्ष, सगळं. हसणं थांबलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमास्नी चालाय येळ काडावा लागतो. आमास्नी बसाय येळ गावत न्हाई. लेकीसाठी चालताय, तर रिकाम्या दुरडीनं कशाला? ह्या वळीत या. खुरपं घ्या."

ती टोचूनच बोलली होती, आणि मला ते टोचलं. पण मी वळीत गेले. उकिडवं बसायला गेले आणि सरळ मागं पडले, पाय वर, भुईमुगात! दोघींनी दोन हात धरून उठवलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. तिथून पुढं मात्र मी खरी भाकरी घेऊन जायला लागले, बायकांसाठीही, आणि त्यांच्याबरोबर एक वळ खुरपायची. त्यांच्या तीन वळी व्हायच्या तेव्हा माझी एक. म्हातारी ओरडायची, "काकू, रोपं ठिवा, गवत काडा!" आठ-पंधरा दिवस मांड्या अशा ठणकल्या की रात्री कूस बदलताना देव आठवायचा. मग ठणका गेला. उकिडवं बसणं जमलं, बसून सरकणं जमलं, आणि एक दिवस मी जमिनीला हात न लावता उठले. मी तर उठून गेलेही असते, म्हातारीनंच बघितलं. "बया! काकू उठल्या!" तिनं मेलेलं माणूस उठल्यासारखं ओरडून सगळ्यांना सांगितलं.

मधे श्रावणात उपासांचा प्रश्न आला होता. सोमवार मी सोडले नाहीत, पण ताक आणि एखादं फळ एवढ्यावर केले. दिवाळीत सून करंज्या तळत होती आणि मी दारात रांगोळी काढत होते, पाठ फिरवून. चिवड्याची एक मूठ आणि एक करंजी खाल्ली. खोटं कशाला सांगू, आणखी अर्धी खाल्ली.

दिवाळीच्या पाडव्याला मालकांनी तराजू मोकळा केला. खुणेच्या ढेपा गणपतीत विकून टाकल्या होत्या त्यांनी, तेव्हा दुसऱ्या तशाच बघून घेतल्या. मी पारड्यात बसले आणि पारडं झोक्यासारखं वर गेलं. एक अख्खी ढेप उतरवावी लागली. मालकांनी ती दोन्ही हातांनी उचलून माझ्या पुढ्यात आणली आणि म्हणाले, "धर. येवढं घिऊन तू फिरत हुतीस." मी ती मांडीवर घेतली. बाप रे! ती घेऊन मला पारड्यातून उतरता येईना.

कार्तिक सरता सरता आम्ही निघालो. बरोबर बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, शेपा, जुनी मऊ लुगडी, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत. एस.टी.तून उतरले तर हिरड्याखाली विहीणबाई, त्यांची जाऊ आणि चार गडी उभे. घोंगडी बांबूला बांधून तयार! विहीणबाईंनी शब्द पाळला होता. त्या लगबगीनं पुढं आल्या, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या मागं एस.टी.च्या दाराकडं बघायला लागल्या.

"काय बघताय?" मी म्हटलं.

"विहीणबाई कुठं हायेत?"

"मीच की!"

"आगं बाई!" त्यांनी माझे दोन्ही दंड धरून मला फिरवून बघितलं. "आजारी पडलात का काय?"

"आजारी आल्ते वैशाखात. आता बरी हाय." गड्यांकडं वळून म्हटलं, "डोली आणलीय ती वाया घालवू नका. ट्रंक ठेवा तिच्यात." मग डिंकाचे लाडू डोलीत बसले आणि मी त्यांच्या मागून चालायला लागले.

उगाच बढाई मारत नाही, चढ सोपा गेला असं नाही. घाम निथळला. वळणावर थांबले, पाणी प्यायले, वाटेत आणखी एक-दोनदा दगडावर टेकले. पण दम लागायचा तो चांगला, श्वास परत मिळणारा. कापून झालेल्या भाताचा वास येत होता, गवत पिवळं पडलं होतं, खाली सडक सुतासारखी बारीक होत चाललेली. मधे एकदा मागून धापा ऐकू आल्या. वळून बघते तर विहीणबाईंची जाऊ. मी थांबले, तिला पुढं घेतलं. चार गड्यांचं मी काही काढलं नाही. खूप मनात आलं होतं!

थोरल्या पोराला शेजारी बसवून लेक अंगणात तांदूळ पाखडत होती. पोटानं चांगली मोठी दिसत होती. तिनं आधी डोली बघितली आणि सूप ठेवून घाईनं उठायला गेली. डोलीत ट्रंक बघून गोंधळली. मग तिला मी दिसले, आपल्या पायांनी येणारी. ती उठलीच नाही, तशीच खाली बसली आणि रडायला लागली. मी तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसले. ती माझ्या गुडघ्यांना हात लावून लावून बघत होती.

मग मी घर बघितलं. चूल पूर्वेच्या अंगाला, वर धूर जायला जागा आहे. कणगी मोठी. गोठा घराच्या आतच, त्यानं थंडीत ऊब राहते म्हणाली. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, तिथं तिनं पातेलं ठेवायची जागा केली होती. ते तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतींवरून हात फिरवला, पाटा बघितला, उतरंड बघितली. लेक म्हणाली, "आई, सावकाश बघ की. पळून जातंय व्हय?" दुसऱ्या दिवशी झरा दाखवायला घेऊन गेली, तो घराच्याही वर. मी निघाले आपल्या पाटाच्या कडेनं जायच्या सवयीनं भराभर, आणि मागून लेकीचा आवाज आला, "आई, जरा दमानं. मी दोन जिवांची हाय." गळकं छप्पर काय आणि वरचा झरा काय, आता मला माहीत होतं. त्याचं काय करायचं ते मालकांशी आणि जावयांशी बोलता येणार होतं. बोललेही मी. पुढच्या पावसाआधी तो कोपरा शाकारला गेला.

मार्गशीर्षात मुलगी झाली. सुईण वाडीतलीच, हाताची चांगली. मी लेकीच्या उशाशी होते. कळा आल्या की ती माझं मनगट धरायची. तिच्या बोटांचे वळ कितीतरी दिवस राहिले होते, मी ते कुणाला दाखवले नाहीत, एकटीच बघायची.

बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालायचं ठरलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "पायावर कोण घेतं? माझी कंबर धरलीय." या खेपेला त्यांच्या जावेनंच मोरीत माझ्यासाठी पाट मांडला. मी लुगडं वर खोचून मोरीत पाटावर बसले, दोन्ही पाय लांब केले. विहीणबाईंनी पाणी कढत आहे का ते कोपरानं बघितलं. बाळ माझ्या पोटऱ्यांवर पालथं घातलं, मुठीएवढं डोकं माझ्या पावलांशी. तेल, डाळीचं पीठ, मग पाण्याची धार. आधी किंचाळलं. मग ऊब लागली तसं गप्प झालं आणि माझ्या घोट्यावर गाल टेकून पडून राहिलं. लेक बाजेवरून मान उंच करून बघत होती.

"झालं आई? थंडी वाजंल तिला."

विहीणबाई फडकं घेऊन उभ्या होत्या. मी बाळ उचलून छातीशी धरलं, पाय जवळ ओढले. दोन्ही हात बाळाला लागलेले, टेकायला हात नव्हताच. मी तशीच उठले.